जेसीबी-पोकलेनचे अवजार बदलताना : काय जोडतात, कसे जोडतात आणि पिन का तपासायची

यवतमाळ : तूर निघाली, पऱ्हाटी उपटून झाली की जिल्ह्यात जेसीबी आणि पोकलेनचा हंगाम सुरू होतो. विहीर, शेततळे, नाला खोलीकरण, पांदण रस्ता, पाइपलाइनची नाली, घराचा पाया अशी सगळी कामे मृग लागण्याआधी उरकायची असतात. मशीन तेच असते, फक्त त्याच्या टोकाचे अवजार बदलते. सकाळी बकेट, दुपारी ब्रेकर आणि परवा दुसऱ्याच्या वावरात कुंपणाचे खड्डे करणारा ऑगर.

अवजार बदलता येते म्हणून एक मशीन दहा कामे करते. पण मशीन आणि अवजार यांच्या सांध्यातच मोठा धोका असतो. बकेट लहान असली तरी दीड-दोन क्विंटलची असते आणि मोठ्या पोकलेनची टनाच्या आसपास जाते. ती नीट अडकली नसेल आणि निसटली, तर खाली उभ्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

म्हणून ही माहिती फक्त मशीन मालकाच्या कामाची नाही. तासावर भाडे देणारा शेतकरी, विहिरीत उतरणारा मजूर, गावच्या कामावर लक्ष ठेवणारा ग्रामपंचायत सदस्य, सगळ्यांनाच ती असलेली बरी.

एका विहिरीला तीन अवजारे का लागतात?

यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा दगड लाव्ह्याचे थरावर थर साचून तयार झाला. त्यामुळे खोदताना एकसारखे काही लागत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग कठीण पाषाण, आणि कधी कधी पाषाण फोडल्यावर खाली पुन्हा मऊ थर. वणी, मारेगाव, झरी जामणी या पूर्वेकडच्या पट्ट्यात जमीन वेगळी आहे. तिथे चुनखडी, वाळूचा दगड आणि कोळशाचे थर सापडतात. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि वेकोलिच्या उकणी, निलजईसारख्या खुल्या कोळसा खाणी त्याच पट्ट्यात आहेत.

काळी माती आणि मुरूम दातांच्या बकेटने निघतो. मांजऱ्या दगडात बकेटचे दात घासतात, तिथे एका दाताचा रिपर जास्त चालतो. पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकरने फोडलेला दगड वर काढायला पुन्हा बकेट. म्हणजे एकाच विहिरीवर अवजार चार-पाच वेळा बदलण्याची पाळी येते. घाई इथेच होते. मीटर चालू असतो, मालक दुसऱ्या गावाला जायची गडबड करतो, आणि मग "एवढं खोदून होऊ दे, पिन नंतर ठोकू" असे बोलणे सुरू होते.

पूर्वी पाषाण लागला की कॉम्प्रेसरने भोके पाडून सुरुंग लावत. स्फोटके बाळगायला आणि वापरायला परवाना लागतो, आणि घराजवळ, जुन्या विहिरीजवळ, विजेच्या तारेखाली सुरुंग लावणे धोक्याचे असते. अशा जागी ब्रेकर सोयीचा पडतो. मशीनच्या दांड्याला जोडायचा हायड्रॉलिक ब्रेकर जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६७ साली बाजारात आणला. आज तो आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतो.

जेसीबी, पोकलेन, हायड्रा : नावे कुठून आली?

पुढे लोडर आणि मागे खोदायचा दांडा असलेल्या चाकांच्या मशीनचे खरे नाव बॅकहो लोडर. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून जेसीबी पडले. १९७९ पासून हरियाणातील बल्लभगड येथे या कंपनीची मशीन बनू लागली. आता कोणत्याही कंपनीचा बॅकहो लोडर आला तरी गावात तो जेसीबीच.

पोकलेनचेही तसेच. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी. लार्सन अँड टुब्रोने तिच्याशी करार करून सत्तरच्या दशकात भारतात ही मशीन आणली. पुढे टाटा हिताची, कोमात्सु, ह्युंदाई अशा कितीतरी कंपन्यांची मशीन आली. पण पट्ट्यावर चालणारे आणि जागेवर गोल फिरणारे मशीन म्हटले की लोक पोकलेनच म्हणतात. कागदावर त्याला एक्स्कॅव्हेटर म्हणतात.

जड वस्तू उचलून चालत नेणाऱ्या चाकांच्या क्रेनला हायड्रा म्हणतात. या तिन्ही मशीनमध्ये इंजिन पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो आणि तेलाच्या दाबावर सिलिंडर पुढे-मागे होतात. तेच तेल दांड्याच्या टोकापर्यंत नेले की ब्रेकर, ऑगर, ग्रॅबही चालतो.

कोणते अवजार कशासाठी?

दातांची बकेट : खोदाईसाठी. पाइपलाइनच्या नालीला अरुंद, पायाला मध्यम, भरणीला रुंद. अरुंद बकेट कठीण जमिनीत जास्त घुसते. रुंद बकेट माती जास्त उचलते, पण कठीण जमिनीत मशीनला ओढत नाही.

बिनदातांची रुंद बकेट : गाळ काढणे, नाल्याचा उतार सारखा करणे, शेततळ्याचे काठ घासणे. प्लास्टिकचा कागद अंथरायच्या शेततळ्याला शेवटचा हात याच बकेटने मारावा. दातांनी ओरखडे उरतात, त्यातून दगडाची टोके वर येतात आणि कागद फाटतो.

रिपर : एकच मोठा दात. भेगाळलेला, थराथराचा दगड उपसण्यासाठी.

ब्रेकर : पाषाण, जुने काँक्रीट, मोठी धोंड फोडण्यासाठी.

ऑगर : गोल खड्डे करण्यासाठी. कुंपणाचे खांब, विजेचे खांब, फळझाडांचे खड्डे यासाठी माती-मुरमात चांगला चालतो. साधा मातीचा ऑगर पाषाणात चालत नाही, तिथे जबरदस्ती केली तर त्याची मोटार जाते.

थंब किंवा ग्रॅब : बोटांसारखे पकडणारे अवजार. ओंडके, बाभळीची खोडे, मोठे दगड उचलून ठेवण्यासाठी.

याशिवाय भराव दाबणारी प्लेट, काँक्रीट चुरणारा जबडा, लोखंड कापणारी कात्री अशीही अवजारे आहेत. ती रस्ते, पूल आणि पाडकामाच्या कंत्राटदारांकडे दिसतात.

जोडणी कशी होते?

दांड्याच्या टोकाला दोन सांधे असतात. एक दांड्याच्या अगदी टोकाला आणि दुसरा बकेट उघड-मीट करणाऱ्या सिलिंडरच्या जोडपट्टीला. बकेटला वर दोन कान असतात आणि त्यात भोके असतात. भोके समोरासमोर आणून एकेक जाड पोलादी पिन आरपार घालतात. पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या डोक्याला नट-बोल्ट किंवा रिंगचे लॉक असते. आत बुश असतो आणि ग्रीस घालायला निपल असते. या साध्या जोडणीला थेट पिन जोडणी म्हणतात. जेसीबीवर बहुतेक हीच असते.

अवजार दुसऱ्या मशीनचे असेल तर ते बसेल की नाही हे तीन मापांवर ठरते : पिनची जाडी, दांड्याच्या टोकाची रुंदी आणि दोन पिनांमधले अंतर. वीस टनी पोकलेनमध्ये ८० मिलिमीटरची पिन बऱ्याच मशीनला चालते, पण बाकीची दोन मापे जुळतीलच असे नाही. भोक मोठे आणि पिन बारीक असली तर मधे पत्रा कोंबून काम भागवू नये. सांध्यात खेळ राहिला की प्रत्येक ठोक्याला भोक अंडाकार होत जाते आणि शेवटी कानच फाटतो.

पिन काढताना आणि घालताना हे पाळावे :

१) मशीन सपाट जागी उभे करून अवजार जमिनीवर टेकवावे. पिनवर वजन नसेल तरच ती सहज निघते. पिन अडली म्हणजे तिच्यावर भार आहे, हे समजावे.

२) इंजिन बंद करूनच पिनला हात लावावा. भोके जुळवण्यासाठी दांडा हलवावा लागला, तर हेल्परने आधी बाजूला व्हावे.

३) भोके जुळली का हे बोट घालून पाहू नये. दांडा सुतभर हलला तरी बोट तुटते. डोळ्याने पाहावे किंवा सळई घालावी.

४) पोलादी पिनवर थेट घण मारू नये. कठीण पोलादाचा कपचा उडून डोळ्यात जातो. मधे पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरावा आणि चष्मा घालावा.

५) इशारा देणारा माणूस एकच असावा. चौघांनी चार बाजूंनी हात केले की ऑपरेटरचा गोंधळ होतो.

क्विक कपलर : सोयीचा, पण लॉक पाहिजेच

दर वेळी पिना ठोकण्याचा वेळ वाचवण्यासाठी पोकलेनवर क्विक कपलर बसवतात. हा कपलर दांड्याला कायमचा पिनांनी जोडलेला असतो. त्याला दोन जबडे असतात. अवजाराच्या पिना अवजारातच राहतात. ऑपरेटर पुढचा जबडा अवजाराच्या पहिल्या पिनेत अडकवतो, दांडा वळवून मागचा जबडा दुसऱ्या पिनेवर आणतो आणि लॉक बंद करतो. काम काही मिनिटांत होते.

लॉक तीन तऱ्हेचे दिसते. पहिल्यात स्क्रू किंवा दांडी हाताने फिरवून लॉक करतात. दुसऱ्यात लॉक तेलाच्या दाबाने बंद होते, पण त्यानंतर खाली उतरून एक सेफ्टी पिन हाताने घालावी लागते. तिसऱ्यात दोन्ही पिना आपोआप पक्क्या होतात आणि दाब गेला तरी लॉक उघडत नाही.

सर्वात जास्त काळजी दुसऱ्या प्रकारात लागते. सेफ्टी पिन घातली नाही तरी मशीन चालते. बकेट आत वळवलेली असते तोवर सगळे ठीकच दिसते. पण ती फक्त पुढच्या जबड्यात लटकलेली असू शकते. मागचे लॉक निसटले आणि ऑपरेटरने बकेट उघडली, की ती झोका खाऊन सुटते.

ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या दशकात याच कारणाने मजुरांचे जीव गेले. पिन घातलेली नव्हती आणि माणसे बकेटखाली काम करत होती. तिथल्या सुरक्षा यंत्रणेला त्यावर वारंवार इशारे द्यावे लागले. क्विक कपलरच्या सुरक्षिततेसाठी २०१६ साली आयएसओ १३०३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. नवीन कपलर घेताना तो या मानकाप्रमाणे आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. गावच्या वर्कशॉपमध्ये पत्रे जोडून बनवलेला कपलर स्वस्त पडतो, पण त्याचे पोलाद आणि वेल्डिंग कोणी तपासलेले नसते.

आणखी एक गोष्ट. कपलरचे स्वतःचे वजन असते आणि त्यामुळे बकेट दांड्यापासून थोडी लांब जाते. म्हणून मशीनची उचलण्याची आणि खोदण्याची ताकद थोडी कमी होते. कपलर लावल्यावर आधीइतकेच वजन उचलेल, असे धरून चालू नये.

तेलाची जोडणी

बकेटला आणि रिपरला तेल लागत नाही. ब्रेकर, ऑगर, ग्रॅब यांना लागते. त्यासाठी दांड्यावरून जाडे पाइप टोकापर्यंत आणलेले असतात आणि तिथून होस पाइप अवजाराला जोडतात. मशीनवर ही लाइन नसेल तर आधी तिचा किट बसवावा लागतो. ब्रेकर आणला आणि लाइनच नाही, अशी फसगत होते. म्हणून मशीन ठरवतानाच विचारावे.

ब्रेकरला दोन पाइप लागतात. एकाने दाबाचे तेल जाते, दुसऱ्याने ते टाकीत परत येते. परतीचा रस्ता मोकळा पाहिजे. तो आवळला गेला तर ब्रेकरचे ठोके मंदावतात आणि तेल तापते. ऑगर उलटा-सुलटा फिरतो, ग्रॅब उघडतो-मिटतो, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी दाब देणारी लाइन लागते. ऑगरच्या बऱ्याच मोटारींना गळतीचे तेल थेट टाकीत नेणारा तिसरा बारीक पाइपही असतो. तो जोडायचा राहिला तर मोटारीचे सील फुटते.

होस सोडण्याआधी लाइनमधला दाब काढावा लागतो. इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून, त्या अवजाराचे पेडल किंवा लिव्हर चार-पाच वेळा दोन्हीकडे हलवावे. तेल गरम असते, थोडे थंड होऊ द्यावे. सोडलेल्या तोंडांना लगेच टोप्या लावाव्यात आणि जोडण्याआधी तोंडे स्वच्छ कापडाने पुसावीत. काळ्या मातीचा कण तेलात गेला की तो पंपापर्यंत जातो. पंपाचा खर्च मालकाला चांगलाच माहीत असतो.

गळती हाताने शोधू नका

होसला सुईएवढे छिद्र पडले तरी त्यातून निघणारी तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही. पण आत गेलेले तेल काही तासांत मांस सडवू लागते आणि बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा धरावा. तेल टोचल्याची नुसती शंका आली तरी जखम चोळत बसू नये, हळद लावू नये. तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि "दाबाचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. याला शस्त्रक्रिया लागते आणि ती लवकर व्हावी लागते.

मशीनला झेपेल तेवढेच अवजार

जेसीबी साधारण साडेसात-आठ टनांचे मशीन. त्याच्या मागच्या दांड्याला तीन-चार क्विंटलचा ब्रेकर शोभतो. वीस टनी पोकलेनवर दीड टनाच्या आसपासचा ब्रेकर बसतो. मोठा ब्रेकर छोट्या मशीनला लावला तर दांडा बाहेर काढताच मशीन डोलते. छोटा ब्रेकर मोठ्या मशीनला लावला तर मशीनच्या जोराने ब्रेकरच मोडतो.

वजनासोबत तेलाचे मापही जुळले पाहिजे. प्रत्येक ब्रेकरच्या पाटीवर मिनिटाला किती लिटर तेल आणि किती बार दाब लागतो, ते कोरलेले असते. जेसीबीचे ब्रेकर साधारण मिनिटाला ४० ते ८० लिटर तेलावर चालतात. वीस टनी मशीनच्या ब्रेकरना शंभर लिटरच्या पुढे तेल लागते. पाटीच नसलेला जुना ब्रेकर घेताना दहा वेळा विचार करावा.

खोलीचेही गणित आहे. जेसीबीचा मागचा दांडा साधारण पंधरा फुटांपर्यंत आणि वीस टनी पोकलेन एकवीस-बावीस फुटांपर्यंत खाली पोहोचते. ब्रेकर उभा धरावा लागत असल्याने त्याने तेवढ्या खोलीवर नीट काम होत नाही. मग ऑपरेटर मशीन काठाच्या जवळ नेतो. काठ मुरमाचा असेल तर ढासळतो. विहीर त्यापेक्षा खोल न्यायची असेल तर पायऱ्या पाडून मशीन खाली उतरवायचे की यारी लावायची, हे खोदाई सुरू करण्याआधीच ठरवावे.

ब्रेकर चालवण्याची रीत

ब्रेकरची छिन्नी दगडावर सरळ उभी असावी आणि मशीनचा थोडा भार तिच्यावर असावा. छिन्नी हवेत असताना ठोके मारले की तो मार दगडाऐवजी ब्रेकरच्या अंगावर बसतो. दगड फुटताच पेडल सोडावे.

एकाच जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठोकू नये. दगड फुटत नसेल तर जागा बदलावी आणि काठाकडून आत यावे. एकाच जागी ठोकत राहिले की नुसती पूड होते आणि छिन्नी तापून तिचे टोक मऊ पडते. छिन्नीचा पहारीसारखा उपयोग करून दगड उलटवू नये, ती मोडते. ब्रेकरने दगड ढकलणे किंवा साखळी बांधून उचलणेही टाळावे.

छिन्नीला दर दोन तासांनी ग्रीस लागते. तापणारी जागा असल्याने ब्रेकरसाठीचेच ग्रीस घ्यावे. ग्रीस भरताना छिन्नी जमिनीवर दाबून आत ढकललेली असावी, नाही तर ग्रीस पिस्टनच्या खाली साचते आणि पहिल्याच ठोक्याला सील जाते.

ब्रेकरच्या डोक्यात नायट्रोजन वायू भरलेला असतो. ठोका कमी झाला की तो तपासून भरावा लागतो. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून गॅस वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नये. तेल आणि दाबाचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

हायड्रा, यारी आणि खांब गाडणारे मशीन

क्रेनच्या टोकाला बहुतेक वेळा हुक असतो. पण तिथेही अवजार बदलते. गाळ काढायला जबड्याची ग्रॅब बकेट, ओंडके उचलायला पकड, विटांच्या ठोकळ्यांना काटे. ट्रॅक्टरवर ऑगर आणि छोटी क्रेन एकत्र बसवून विजेचे खांब गाडतात. खड्डा करायला ऑगर आणि खांब उभा करायला क्रेन.

क्रेनचा नियम सोपा आहे. दांडा जितका लांब, तितके वजन कमी. किती लांबीवर किती वजन, याचा तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो. ग्रॅब लावली तर तिचे वजनही त्यात मोजायचे. विहिरीतला गाळ उचलताना ओला गाळ आणि आत साचलेले पाणी धरून वजन मोजावे. ग्रॅब वर येत असताना विहिरीत माणूस नसावा.

बऱ्याच ठिकाणी सिमेंटचे पाइप उतरवायला पोकलेनच वापरतात. त्यासाठी बकेटच्या दाताला साखळी अडकवू नये, ती घसरते. उचलण्यासाठी दिलेल्या कडीलाच साखळी लावावी आणि कडी नसेल तर हायड्रा बोलवावी.

विजेच्या तारांकडे लक्ष असू द्यावे. उंच दांडा आणि त्यावर लांब अवजार असले की वावरातून गेलेली तार जवळ येते. तारेखाली काम असेल तर आधी महावितरणच्या लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्यावा. मशीन तारेला लागलेच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहावे आणि बाकीच्यांनी मशीनला हात लावू नये.

ऑगरजवळ उपरणे, दुपट्टा, साडीचा पदर, सैल सदरा नको. फिरणारा ऑगर कापड ओढतो आणि कापडासोबत माणूसही.

जोडल्यावर पाच मिनिटांची तपासणी

१) ऑपरेटरने खाली उतरून दोन्ही पिना, त्यांचे लॉक आणि कपलरची सेफ्टी पिन स्वतः पाहावी. "घातली आहे" हे कोणाच्या सांगण्यावर मानू नये.

२) अवजार जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून दोन-तीन वेळा पूर्ण उघडावे आणि मिटावे. तेव्हा जवळ कोणी नसावे.

३) अवजाराचे टोक जमिनीवर दाबून थोडे मागे ओढावे. लॉक अर्धवट असेल तर इथेच कळते.

४) दांडा पूर्ण दुमडून आणि पूर्ण उघडून होस कुठे ताणतो, घासतो किंवा चेपतो का ते पाहावे.

५) तेलाचे अवजार असेल तर दोन मिनिटे हळू चालवून गळती पाहावी.

६) अर्ध्या तासाच्या कामानंतर एकदा थांबून बोल्ट पुन्हा तपासावेत. ब्रेकरच्या हादऱ्याने ते सैल होतात.

आणि सगळी तपासणी झाली तरी उचललेल्या अवजाराखाली कोणी उभे राहू नये. ब्रेकर चालू असताना दगडाच्या कपच्या लांब उडतात. पोरेसोरे, जनावरे आणि बघायला जमलेली मंडळी दूर असावीत. मशीन चालू असेपर्यंत नालीत किंवा विहिरीत माणूस नको, आणि माणूस खाली उतरायचा असेल तर मशीन बंद करून अवजार जमिनीवर टेकवलेले असावे.

भाडे ठरवताना काय बोलून घ्यावे?

ब्रेकरचा तासाचा दर बकेटपेक्षा जास्त असतो, कारण छिन्नी झिजते आणि डिझेलही जास्त लागते. म्हणून दोन्ही दर वेगवेगळे ठरवावेत. अवजार बदलायला लागणारा वेळ कोणाच्या खात्यात, हेही आधीच बोलावे. हा वेळ शेतकऱ्याच्या मीटरवर धरला तर शेतकरी घाई करतो, मालकाच्या खात्यात गेला तर मालक घाई करतो. सगळ्यात बरे म्हणजे बदलीचा ठरावीक वेळ दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. मग पिन ठोकायला कोणी मागेपुढे पाहत नाही.

मशीनची नोंदणी, विमा आणि ऑपरेटरचा परवाना पाहायला संकोच करू नये. ऑपरेटरने प्रशिक्षण घेतले असेल तर उत्तमच. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलकडून बॅकहो आणि एक्स्कॅव्हेटर चालवण्याचे प्रमाणपत्र मिळते. गावातल्या तरुणांनी हेल्परकी करता करता हे प्रमाणपत्र घेतले तर कामही मिळते आणि जीवही सांभाळला जातो.

निघालेला मुरूम किंवा दगड बाहेर विकायचा, वाहून न्यायचा असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारावे. विनापरवाना गौण खनिज उचलले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि मशीनही जप्त होऊ शकते.

अपघात झालाच तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस अवजाराखाली अडकला असेल तर घाईने दांडा उचलू नये. अर्धवट लॉक असलेले अवजार पुन्हा पडू शकते. आधी त्याला लाकडाचे ओंडके लावून आधार द्यावा, मग हालचाल करावी.

मशीन वावरात आल्यावर चहापाण्याच्या आधी ऑपरेटरला एवढे विचारावे : सेफ्टी पिन कुठे आहे, दाखव. चांगला ऑपरेटर या प्रश्नावर रागावत नाही, तो खाली उतरून पिन दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्या बकेटखाली आपला गडी उतरवू नये.